टक्केवारीत न मावणारी मुले

दोनशे पटाची एक शाळा घ्या. तिथल्या किती मुलांना बाकीच्यांपेक्षा जास्तीची आरोग्यसेवा लागत असेल? २०११ च्या जनगणनेचे प्रमाण लावले तर उत्तर येते तीन किंवा चार. भारतात पाच ठिकाणी घरोघर जाऊन झालेल्या वैद्यकीय पाहणीचे प्रमाण लावले तर पंचवीसच्या आसपास. अमेरिकेत ज्या प्रश्नांनी ही मोजणी होते, ते तिथल्या दोनशे मुलांच्या शाळेत विचारले तर चाळीसच्या जवळ. यातला एकही आकडा खोटा नाही. तरी पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात दहा पटींचे अंतर आहे.

या अंतराचा थोडा भाग दोन देशांतल्या फरकाचा आहे. मोठा भाग प्रश्नाचा आहे. जनगणना विचारते, घरात कोणाला अपंगत्व आहे का. डॉक्टरांचे पथक पाहते, मुलाला कोणता विकार आहे. अमेरिकी सर्वेक्षण पालकांना विचारते, या मुलाला जास्तीचे काय लागते. प्रत्येक प्रश्न वेगळ्या कामासाठी तयार झाला आहे आणि त्या कामापुरता तो बरोबरही आहे. घोटाळा होतो तो पेन्शन, सवलती आणि आरक्षण वाटण्यासाठी काढलेल्या आकड्यावरून मुलांची आरोग्यसेवा आखली जाते तेव्हा. आपल्याकडे अनेक वर्षे तेच चालू आहे.

जनगणनेचे दोन टक्के

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजार होती. मुलांपुरते पाहिले तर युनेस्कोने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालात १९ वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलामुलींची संख्या ७८ लाख ६४ हजार दिली आहे, वयोगटाच्या १.७ टक्के. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत तर प्रमाण १.२४ टक्क्यांवरच थांबते.

वय जितके कमी तितके प्रमाण कमी, यात नवल नाही. प्रगणक दारात उभा राहून विचारतो तेव्हा दोन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला कोणी अपंग म्हणत नाही. ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे आजी सांगते, आणि पुष्कळदा ते खरेही निघते. एका कानाने कमी ऐकणारी मुलगी घरच्यांना ‘लक्ष न देणारी’ वाटते. आकडी येणाऱ्या मुलीबद्दल घरचे बोलतच नाहीत, कारण पुढे तिचे लग्न ठरवायचे असते. प्रश्नात ‘अपंगत्व’ हा शब्द आला की तिथे फक्त डोळ्यांना दिसणारे, कायमचे आणि घराने मान्य केलेले तेवढेच सांगितले जाते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी २०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये झाली. तिनेही सर्व वयांचे मिळून प्रमाण २.२ टक्केच काढले, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट कळली. ज्यांना अपंगत्व असल्याचे या पाहणीनेच मान्य केले, त्यांच्यातल्या फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाविषयी प्रश्न आले आणि सहाव्या फेरीच्या प्रश्नावलीतून ते वगळलेही गेले. म्हणजे सातत्याने वापरला जाणारा आकडा एकच उरतो, जनगणनेचा, आणि तो सगळ्यात लहान आहे.

पाच जिल्हे, त्यात उत्तर गोवा

आकड्याच्या मागे जाऊन पाहायचे तर घरोघर हिंडावे लागते आणि सोबत बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, कान तपासणारे लोक न्यावे लागतात. आयएनसीएलईएन ट्रस्ट या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात हेच केले गेले. डॉ. नरेंद्र अरोरा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हरियाणातले पलवल, हिमाचलातले कांगडा, ओडिशातले ढेंकानाल, हैदराबाद शहर आणि उत्तर गोवा अशी पाच ठिकाणे निवडली होती. डोंगराळ, आदिवासी, शहरी, किनारपट्टीची अशी वेगवेगळी लोकवस्ती त्यात यावी हा हेतू. दोन ते नऊ वर्षे वयाची ३,९६४ मुले तपासली. दृष्टिदोष, श्रवणदोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सीसह हालचालींचे विकार, वाचा-भाषेचे विकार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि सहा वर्षांपुढच्या मुलांत अतिचंचलता व अध्ययन अक्षमता, असे नऊ विकार शोधायचे होते.

दोन ते सहा वर्षे वयाच्या मुलांत ठिकाणागणिक प्रमाण २.९ टक्क्यांपासून १८.७ टक्क्यांपर्यंत निघाले. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत ६.५ ते १८.५ टक्के. सर्व ठिकाणे मिळून हिशेब केल्यावर लहान गटात ९.२ आणि मोठ्या गटात १३.६ टक्के. सुमारे आठ मुलांत एक. अशा मुलांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्याला एकाहून अधिक विकार होते. सर्वाधिक आढळले ते श्रवणदोष आणि बौद्धिक अक्षमता.

या अभ्यासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, त्याच देशात, त्याच साधनांनी आणि त्याच प्रशिक्षणाने पाहणी करूनही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहा पटींचा फरक पडतो. त्यामुळे पलवलचा आकडा गोव्याला किंवा हैदराबादचा गडचिरोलीला लावून नियोजन करता येणार नाही. दुसरी गोष्ट कारणांची. घरी झालेले बाळंतपण, जन्मल्यावर बाळ उशिरा रडणे, वेळेआधी जन्म, कमी वजन, पहिल्या महिन्यात रुग्णालयात भरती करण्याइतका आजार, पुढे खुंटलेली वाढ. या सगळ्यांचा विकारांशी संबंध दिसला. यातले बरेच काही टाळता येण्यासारखे आहे. पण याच मुद्द्याला दुसरी बाजूही आहे. भारतात वर्षाला सुमारे ३० लाख बाळे वेळेआधी जन्मतात. नवजात शिशू कक्ष वाढले तशी पूर्वी न वाचणारी बाळे आता वाचतात. ती घरी जातात तेव्हा त्यांच्यापैकी काहींना पुढची अनेक वर्षे डोळ्यांची, कानांची, हालचालींची तपासणी लागते. बालमृत्यू कमी झाल्याचा आकडा आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर वाढणाऱ्या गरजेची नोंद कुठल्याच रकान्यात येत नाही.

पाच प्रश्न

‘विशेष आरोग्य गरजा असलेली मुले’ हा वर्ग रूढ झाला अमेरिकेत. तिथे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अपंग मुलांच्या सेवेसाठी वेगळी तरतूद होती, आणि ती प्रामुख्याने अस्थिव्यंगाच्या मुलांभोवती फिरत होती. पुढे पोलिओ हटला, हृदयशस्त्रक्रिया आल्या, दमा आणि वर्तनाच्या अडचणी जास्त दिसू लागल्या, आणि जुनी चौकट तोकडी पडली. १९९८ मध्ये तिथल्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पुढाकाराने नवी व्याख्या झाली. ज्या मुलांना दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, विकासाची, वर्तनाची किंवा भावनिक समस्या आहे, अथवा ती होण्याचा धोका अधिक आहे, आणि ज्यांना इतर मुलांपेक्षा वेगळ्या किंवा जास्त सेवा लागतात, ती सगळी या वर्गात आली. आजाराचे नाव मागे गेले आणि गरज पुढे आली.

मोजण्यासाठी तयार झाली पाच प्रश्नांची एक चाचणी. डॉक्टरने लिहून दिलेले औषध मुलाला नेहमी लागते का? समवयस्क मुलांपेक्षा जास्त वैद्यकीय, मानसिक आरोग्याच्या किंवा शैक्षणिक सेवा लागतात का? त्याच्या वयाची मुले जे करतात ते करताना त्याला अडचण येते का? फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपी लागते का? भावना, विकास किंवा वर्तनाच्या अडचणीसाठी उपचार किंवा समुपदेशन लागते का? उत्तर ‘हो’ आले की पुढे विचारायचे, हे आरोग्याच्या समस्येमुळे आहे का, आणि ती वर्षभर टिकली आहे किंवा टिकेल का?

याच प्रश्नांनी २००१ मध्ये १२.८ टक्के, २००५-०६ मध्ये १३.९ टक्के आणि २००९-१० मध्ये १५.१ टक्के मुले मोजली गेली. अलीकडच्या फेऱ्यांत हे प्रमाण सुमारे १९ ते २० टक्के, म्हणजे पाचात एक आहे. मात्र २०१६ पासून टेलिफोनऐवजी टपाल आणि संगणकावरून माहिती घेतली जाते, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. वयाचा फरक ठळक आहे: २००९-१० मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांत सुमारे ९ टक्के, तर बारा ते सतरा वयात सुमारे १८.

हा आकडा जसाच्या तसा उचलून भारताला लावणे चूक ठरेल. ‘जास्त सेवा लागतात का’ या प्रश्नाचे उत्तर सेवा कधी मिळाल्या आहेत त्यावर अवलंबून असते. सातपुड्यातल्या पाड्यावर ज्या मुलाने फिजिओथेरपिस्ट कधी पाहिलाच नाही, त्याची आई थेरपीची गरज आहे असे कसे सांगेल? निदानच झाले नसेल तर नेहमीचे औषधही नसते. अमेरिकेतही ज्या समाजगटांची डॉक्टरांपर्यंत पोहोच कमी, त्यांच्यात हे प्रमाण कमी निघते आणि ते चांगल्या आरोग्याचे लक्षण मानले जात नाही. आकडा आपल्या उपयोगाचा नाही. प्रश्न विचारण्याची रीत मात्र आहे.

आणखी एक इशारा तिथलाच. पाचात एक म्हटले की सगळी मुले सारखीच वाटू लागतात. प्रत्यक्षात मोठा गट फक्त नियमित औषधावर नीट असतो: दम्याचा पंप, ॲलर्जीची गोळी. दुसऱ्या टोकाला थोडी मुले असतात, ज्यांना अनेक तज्ज्ञ, नळीवाटे अन्न, घरी ऑक्सिजन लागतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या एका अभ्यासात अशी गुंतागुंतीची मुले एक टक्क्याहूनही कमी निघाली आणि मुलांच्या आरोग्यावरच्या खर्चाचा जवळजवळ एकतृतीयांश वाटा त्यांच्यावर होत होता. एकूण प्रमाण सांगताना हे थर वेगळे केले नाहीत तर आकडा मोठा दिसतो आणि उपयोग शून्य होतो.

जगाच्या पातळीवरही मोजणीची रीत बदलताच संख्या बदलली. २०११ च्या जागतिक अपंगत्व अहवालात १४ वर्षांपर्यंतची ९ कोटी ५० लाख मुले धरली होती. युनिसेफने २०२१ मध्ये आकडा दिला सुमारे २४ कोटी, दहा मुलांत एक. वयोमर्यादा वाढली होतीच, पण प्रश्नही बदलले होते. ‘अपंगत्व’ हा शब्द न वापरता ‘पाहायला, ऐकायला, चालायला, शिकायला, मैत्री करायला किती अडचण येते’ असे विचारले गेले, आणि चिंता व उदासीही त्यात धरली गेली.

यादीबाहेरचे आजार

आपल्या कायद्याने दरम्यान मोठी मजल मारली आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी यांच्यासोबत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आले. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या कुटुंबांसाठी सिकलसेलचा समावेश मोलाचा होता. त्या मुलाचे हातपाय धड असतात, ते शाळेत पळते-खेळते, आणि मग एखाद्या थंडीत सांधे-हाडे असह्य दुखू लागून आठवडाभर अंथरुणाला खिळते.

तरी कुंपण राहिलेच. पहिल्या प्रकारचा मधुमेह या २१ मध्ये नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार असा मधुमेह असलेली २० वर्षांखालची २ लाखांहून अधिक मुले भारतात आहेत, जगात सर्वाधिक. या मुलाला दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, डब्याआधी साखर तपासावी लागते, आणि खेळाच्या तासाला साखर उतरली तर शिक्षकाला काय करायचे ते ठाऊक असावे लागते. जन्मजात हृदयदोष यादीत नाही. हजार जन्मांत आठ-नऊ बाळांना तो असतो. दमा नाही. अपस्माराचे नाव नाही. मूत्रपिंडाचे दीर्घ आजार नाहीत. ही मुले ‘अपंग’ ठरावीत असा आग्रह नाही. त्यांच्या पालकांनाही तो शिक्का नको असतो. पण अपंग नाही म्हणजे गरजही नाही, असा अर्थ आपल्या हिशेबात आपोआप लागतो.

यादीत असूनही न मोजल्या जाणाऱ्यांचीही एक तऱ्हा आहे. प्रमाणपत्राचा कळीचा आकडा ४० टक्के. जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत पालक एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याचं किती टक्के आलं?’ अडतीस आले तर सवलती हातच्या जातात, पण मुलाचे श्रवणयंत्र, चष्मा, थेरपी यांतले काहीही त्यामुळे कमी लागत नाही. अध्ययन अक्षमतेचे उदाहरण आणखी बोलके आहे. जगभरातल्या अभ्यासांत शाळकरी मुलांमध्ये तिचे प्रमाण ५ ते १५ टक्के धरले जाते. महाराष्ट्राने १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या, देशात सर्वांत आधी. पण मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांपलीकडे ते फारसे पोहोचले नाही, कारण मुलाला तपासायची साधनेच इंग्रजीत होती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीतली चाचणी आली ती २०१५ मध्ये. जिल्हा परिषदेच्या शाळेतला जो मुलगा वाचताना अडखळतो, त्याला तोवर ‘ढ’ म्हणून सोडून देणेच सोपे होते.

मनाच्या आजारांचेही तेच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तपासलेल्या १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना निदान करण्याजोगा मानसिक विकार होता. या एका वयोगटाचा हा एकच आकडा जनगणनेतल्या मुलांच्या सगळ्या अपंगत्वांच्या बेरजेच्या चौपट आहे.

चाळणी आणि तिची भोके

मोजणीचा अर्धवट का होईना, पण सर्वांत आशादायक प्रयोग आपल्याच राज्यातून सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मतः असलेले व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या ३० समस्यांसाठी १८ वर्षांपर्यंतची मुले तपासायची. प्रसूतीच्या ठिकाणी नर्स आणि डॉक्टर, घरभेटीत आशा स्वयंसेविका, आणि पुढे फिरती पथके. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. सापडलेले मूल जिल्ह्याच्या डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, तिथे बालरोगतज्ज्ञापासून विशेष शिक्षकापर्यंत सगळे एका छताखाली असावेत अशी रचना.

या चाळणीत फाटलेला टाळू, वाकडे पाऊल, हृदयाची घरघर चांगली अडकते, आणि हजारो मुलांच्या शस्त्रक्रिया त्यामुळे झाल्या. पण एका दिवसात अख्खी शाळा संपवायची असेल तर सौम्य स्वमग्नता, एका कानाचा दोष किंवा वाचनाची अडचण अडकणार नाही. पथक आले त्या दिवशी जे मूल हजर नाही तेही निसटते. बीडच्या वाडीवरची पोरे दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्यांची शाळा सुटली ती तर दरवेळी निसटतात, आणि नेमकी दिव्यांग मुलेच शाळेबाहेर जास्त असतात. वर उल्लेख केलेल्या युनेस्कोच्या अहवालानुसार पाच वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांपैकी तीनचतुर्थांश कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती.

खरा तुटवडा चाळणीनंतर आहे. मूल सापडते, चिठ्ठी मिळते, आणि जिल्ह्याच्या गावी आठवड्याला दोनदा थेरपीला जाण्यासाठी आईची मजुरी बुडते. काही फेऱ्यांनंतर येणे थांबते. कागदावर ते मूल ‘संदर्भित’ राहते.

आकडे वाढले तर?

गरज मोजू लागलो की आकडे वाढतील आणि साथ आल्याची ओरड होईल. अमेरिकेत स्वमग्नतेबाबत तेच झाले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीत आठ वर्षांच्या मुलांतले प्रमाण २००० साली १५० मध्ये एक होते, २०२२ साली ३१ मध्ये एक झाले. या वाढीत निदानाचे निकष रुंदावण्याचा, तपासणी वाढण्याचा, आणि पूर्वी मतिमंद किंवा नुसते ‘विचित्र’ म्हटली जाणारी मुले नीट ओळखली जाण्याचा मोठा वाटा आहे. उलट, आपल्याकडचा न वाढणारा आकडा समाधानाचा नाही. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचे पाच प्रकार होते आणि प्रमाण २.१३ टक्के, २०११ मध्ये आठ प्रकार झाले आणि प्रमाण २.२१. प्रकार वाढले तरी विचारण्याची रीत तीच राहिली तर एवढाच फरक पडतो.

मग ‘किती’ या प्रश्नाचे आज देता येण्यासारखे उत्तर काय? गंभीर, दिसणारे अपंगत्व असलेली मुले शंभरात दोनच्या आसपास. मज्जासंस्थेचे आणि विकासाचे विकार, सौम्य प्रकार धरून, लहानग्यांत शंभरात नऊ ते चौदा, आणि ठिकाणागणिक खूप कमी-जास्त. त्यात दमा, मधुमेह, हृदय, रक्त, मूत्रपिंड आणि मनाचे आजार मिळवले तर संख्या यापेक्षा वर जाणार हे नक्की. किती वर, हे गरजेचा प्रश्न विचारल्याशिवाय ठरणार नाही.

तो प्रश्न विचारायला नवी यंत्रणा लागत नाही. आशा घरी जाते, अंगणवाडी सेविका महिन्याला वजन घेते, शाळा दरवर्षी यू-डायस या सरकारी प्रणालीत माहिती भरते. या तिन्ही ठिकाणी आजाराच्या नावाऐवजी तीनच गोष्टी विचारता येतील: मुलाला रोजचे औषध लागते का, नियमित थेरपी किंवा उपकरण लागते का, आणि सतत कोणाला सोबत राहावे लागते का. तिन्हींचे आकडे तालुक्यागणिक मिळाले की प्राथमिक आरोग्य केंद्रात अपस्माराच्या गोळ्या आणि इन्सुलिन किती ठेवायचे, थेरपिस्टने कोणत्या वारी कोणत्या गावी बसायचे आणि कोणत्या घराला मदतनीस द्यायचा, हे ठरवता येते. प्रमाणपत्राची टक्केवारी तिच्या कामापुरती राहू द्यावी.

जिल्ह्याला एकच स्पीच थेरपिस्ट का, असे विचारले तर आज उत्तर तयार असते: नोंदलेली मुलेच तेवढी आहेत. गरजेची नोंद सुरू झाली की हे उत्तर कोणाला देता येणार नाही.